सहाचे दोन करताना

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. एकतीस वर्षं मी शाळेत तेच शिकवलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण निवृत्तीनंतर जाणवलं की आपण रोज हाताळतो त्या वस्तूंनाही इतिहास असतो आणि तो कुठल्याच क्रमिक पुस्तकात येत नाही. आज अशाच एका गोष्टीचा इतिहास सांगणार आहे, आवाजाचा. त्यातही आवाज एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचा. घाबरू नका, गणित फार नाही.

आधी थोडी ओळख करून देते. सिनेमाच्या डीव्हीडीवर "५.१" असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे त्यात आवाजाचे सहा वेगवेगळे चॅनल असतात. समोर डावा, उजवा आणि मधला. बाजूला किंवा मागे दोन. आणि ढगांचा गडगडाट, स्फोट वगैरेंच्या घुमणाऱ्या आवाजासाठी एक, तो पॉइंट एक. पात्रांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या चॅनलमध्ये असतं. पण आपल्या लॅपटॉपला स्पीकर दोन आणि आपल्याला कानही दोनच. मग सहाचे दोन करावे लागतात. कॉम्प्युटरवाली मुलं काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतात आणि चहा उकळेपर्यंत काम झालेलं असतं. त्या एका ओळीमागे मात्र सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कोण ठरवतं?

सुरुवात पॅरिसला होते. १८८१ साली तिथे विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनियरनं ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे मायक्रोफोन लावले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. लोक एक रिसीव्हर डाव्या कानाला आणि एक उजव्या कानाला लावून ऐकत. गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला की तो गेल्याचं कानाला कळे! ग्रामोफोन घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

नंतर बराच काळ आवाज पुन्हा एकेरीच राहिला. १९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन हा ईएमआय कंपनीतला तरुण इंजिनियर बोलपट पाहायला गेला होता, असं सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून येतो, हे त्याला खटकलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यानं पेटंटचा अर्ज केला. एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे ते त्यात होतं, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी बाजारात आलेल्या स्टिरिओ रेकॉर्डचं मूळ तिथे आहे. बिचाऱ्याला ते पाहायला मिळालं नाही. १९४२ साली रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळलं आणि तो गेला. वय अवघं अडतीस.

अमेरिकेत वेगळी धडपड चालू होती. एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या सभागृहात. मधे टेलिफोनच्या तारा. आवाजाचे तीन चॅनल होते आणि त्यांचा समतोल वॉशिंग्टनमध्ये बसून लिओपोल्ड स्टोकोव्स्की हा प्रसिद्ध संगीतकार सांभाळत होता. बेल लॅबोरेटरीचा हा प्रयोग.

हाच स्टोकोव्स्की पुढे वॉल्ट डिस्नेच्या "फँटेशिया"त आला. माझ्या मते आजच्या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. या चित्रपटाचं संगीत रेकॉर्ड करताना फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाभोवती तेहतीस मायक्रोफोन लावले होते आणि सभागृहाच्या तळघरात आठ यंत्रांवर ते फिल्मवर उतरत होतं. त्या आठांचे पुढे तीन केले आणि चौथ्या पट्टीवर आवाज कुठे किती वाढवायचा याच्या खुणा ठेवल्या. या पद्धतीचं नाव फँटासाउंड. चित्राची फिल्म वेगळी आणि आवाजाची वेगळी, दोन्ही एकाच वेळी चालवायच्या. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात तो झळकला.

पण एवढी यंत्रसामग्री किती थिएटरं बसवणार? शिवाय महायुद्ध चालू होतं. १९४२ साली चित्रपट सगळीकडे लावला तो काटछाट करून आणि साध्या एकेरी आवाजात. तेहतीस मायक्रोफोनचे आठ झाले, आठाचे तीन, तिनाचा एक.

मूळ आवाज नायट्रेट फिल्मवर होता. ही फिल्म पेट घेणारी आणि हळूहळू कुजणारी. १९५५ साली तो आवाज नव्या चुंबकीय पट्टीवर उतरवायचं ठरलं. अडचण अशी की फँटासाउंड वाजवणारं शिल्लक यंत्र डिस्नेच्या स्टुडिओत आणि चुंबकीय रेकॉर्डिंगची सोय आरसीए कंपनीच्या हॉलिवूडमधल्या जागेत. मग काय केलं? इकडे वाजवलं, उत्तम प्रतीच्या टेलिफोनच्या तारांवरून तिकडे पाठवलं आणि तिकडे उतरवून घेतलं. तारेतून जाताना आवाजातली थोडी चमक गेली. पण पुढे १९९० साली पन्नासाव्या वर्षानिमित्त चित्रपट दुरुस्त करायला घेतला, तेव्हा मूळ नायट्रेट पट्ट्या खराब झाल्या होत्या. हाताशी होती ती १९५५ ची प्रत! आज स्टोकोव्स्कीचा तो वाद्यवृंद ऐकता येतो तो तारेवरून केलेल्या त्या रूपांतरामुळे.

म्हणून कोणी "कॉपी म्हणजे दुय्यमच" असं म्हटलं की मला हे १९५५ साल आठवतं. पोथ्यांचंही तेच आहे की. मूळ पोथी वाळवीनं खाल्ली, नकल करणाऱ्यानं वेळेवर नकल केली म्हणून ग्रंथ वाचला. नकलेत चार ओळी चुकल्या असतील, पण ग्रंथ उरला.

आता उलटं उदाहरण. १९७१ च्या सुमारास चार स्पीकरच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यांना क्वाड्राफोनिक म्हणत. कल्पना सुरेख होती, पण कंपन्यांचं एकमेकींशी जमेना. सीबीएसची पद्धत एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४. पहिल्या दोघींत चार आवाज गणितानं दोनांत मिसळत आणि घरी पुन्हा वेगळे करत. तिसरीत मागचे आवाज वेगळे काढायची माहिती माणसाला ऐकूच येत नाही अशा उंच लहरीवर बसवलेली असे. त्यासाठी खास सुई लागे आणि साध्या सुईनं त्या नाजूक खाचा झिजून जात. एकीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर नीट वाजत नसे. गिऱ्हाईक गोंधळलं आणि ते दशक संपायच्या आत सगळा खेळ आटोपला. लोकांच्या घरी रेकॉर्ड उरल्या आणि त्यांतले मागचे दोन आवाज कुलूपबंद झाले. रेकॉर्ड शाबूत आणि किल्ली हरवलेली.

आपल्याकडे त्याच सुमारास, १५ ऑगस्ट १९७५ ला, "शोले" आला. ७० मिमीचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. मिनर्व्हा थिएटरात नाणं उडवल्याचा आवाज आला की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहायचे, हा किस्सा तुमच्यापैकी जुन्या मंडळींनी ऐकलाच असेल. साध्या ३५ मिमीच्या प्रिंटवर, एकाच लाउडस्पीकरसमोर बसून ज्यांनी तो पाहिला, त्यांच्यासाठी नाणं पडद्यामागेच पडलं. सिनेमा तोच, कान तेच, पण चॅनल कमी.

हा प्रश्न फार हुशारीनं सोडवला तो डॉल्बी यांनी. रे डॉल्बी यांचा आपल्या देशाशीही संबंध आहे, बरं का. १९६३ ते १९६५ ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत. इथून गेले आणि १९६५ साली लंडनमध्ये त्यांनी आपली कंपनी काढली. आधी टेपमधली खरखर कमी केली, मग सत्तरीच्या दशकात त्यांच्या कंपनीनं सिनेमासाठी डॉल्बी स्टिरिओ आणलं. १९७७ च्या "स्टार वॉर्स"मुळे ते सगळीकडे माहीत झालं.

त्यातली युक्ती ऐका. डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार आवाज फिल्मच्या कडेच्या दोन बारीक पट्ट्यांत बसवायचे. मधला आवाज दोन्ही पट्ट्यांत सारखा ठेवला. मागचाही दोन्हींत ठेवला, पण एकमेकांच्या उलट, एकीत लाट वर तर दुसरीत खाली. नव्या यंत्राला यावरून चारही ओळखता येत. आणि तीच प्रिंट एखाद्या जुन्या एकेरी थिएटरात लावली तर? दोन्ही पट्ट्यांची बेरीज होई. उलट्या लाटा एकमेकींना खाऊन टाकत, म्हणजे मागचा आवाज नाहीसा होई. मधला मात्र दुप्पट जोमानं येई. आणि मधल्यात काय असतं? पात्रांचं बोलणं! म्हणजे काही जायचंच असेल तर आसपासचा गलबला जावा, माणसाचं बोलणं जाऊ नये, हे करणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. मला यातला विचार फार आवडतो.

पुढे डिजिटल युग आलं. १९९२ साली "बॅटमॅन रिटर्न्स"बरोबर डॉल्बी डिजिटल आलं. त्यात सहा चॅनल होते आणि ते छापले कुठे, तर फिल्मच्या कडेला असतात त्या भोकांच्या मधल्या जागेत. १९९३ साली "ज्युरासिक पार्क"बरोबर डीटीएस आलं. त्यांनी आवाज वेगळ्या सीडीवर ठेवला आणि फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा. म्हणजे फँटासाउंडचीच जुनी कल्पना, त्रेपन्न वर्षांनी.

सहा चॅनलचा आवाज काहीही न दाबता ठेवायचा तर सेकंदाला साधारण ४६ लाख बिट लागतात. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार मिळतात. म्हणजे दहावा हिस्सा. कानाला जे जाणवणार नाही ते आधीच वगळलेलं असतं. इथेही काय सोडायचं हे आपल्या आधी कोणीतरी ठरवलेलंच असतं.

आता आपण त्या काळ्या खिडकीपाशी आलो. डॉल्बी डिजिटलचं एक बरं झालं. अमेरिकेच्या डिजिटल टीव्हीसाठी ते स्वीकारलं गेलं, त्यामुळे त्याची रचना १९९५ साली जाहीर दस्तऐवज म्हणून छापली गेली. पेटंट होतीच, त्यातलं शेवटचं मार्च २०१७ मध्ये संपलं. पण कुलूप कसं बनवलंय हे वाचायला मिळत होतं. ते वाचून जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी किल्ल्या घडवल्या. त्यातली सगळ्यात मोठी किल्ली म्हणजे एफएफएमपेग. फॅब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थानं २००० साली ती सुरू केली. नावातलं एफएफ म्हणजे फास्ट फॉरवर्ड. त्याआधी १९९१ पासून सॉक्स होतंच. पायात घालायचे ते नव्हे, साउंड एक्स्चेंजचं ते लघुरूप. लान्स नॉर्सकॉग यांनी ते लिहिलं. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड कोणीही वाचावा असा उघडा. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. आधी प्रोग्रामचं नाव, मग कुठली फाइल घ्यायची, मग किती चॅनल हवेत, शेवटी नव्या फाइलचं नाव. मराठी वाक्यासारखंच आहे, फक्त क्रियापद आधी येतं.

नुसतं "दोन चॅनल कर" म्हटलं तर तो प्रोग्राम काय करतो? डाव्या कानासाठी डावा आवाज पूर्ण, मधला सुमारे सात दशांश आणि डावीकडचा मागचा सात दशांश. उजव्यासाठी तसंच. घुमणारा सहावा चॅनल सोडूनच देतो. आता एक, शून्य पूर्णांक सात आणि शून्य पूर्णांक सात यांची बेरीज होते दोन पूर्णांक चार. भांडं एकाचंच आहे, उतू जाऊ नये म्हणून सगळ्यालाच तेवढ्यानं भागतात. त्यामुळे सगळंच हळू ऐकू येतं आणि बोलणं गोंगाटाच्याच स्पीकरमध्ये जाऊन बसतं. "लॅपटॉपवर सिनेमा लावला की संवाद कळत नाहीत आणि गाणी अंगावर येतात" असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. त्यामागचं एक मोठं कारण हे. कान तपासून घ्याच, पण दोष दर वेळी कानांचा नसतो.

आणखी एक गंमत. डॉल्बीच्या फाइलीतच एक चिठ्ठी ठेवलेली असते. कोणी सहाचे दोन केले तर मधला आवाज किती घ्यावा आणि मागचे किती, याची सूचना. मागच्यांसाठी तीनच पर्याय आहेत: सात दशांश, निम्मा किंवा अजिबात नाही. बरीच यंत्रं ती चिठ्ठी मुकाट्यानं पाळतात. काळ्या खिडकीत मात्र प्रत्येक चॅनलचं प्रमाण आपण स्वतः लिहू शकतो. मधला दीडपट घे, मागचे निम्मे कर. किंवा नुसते मागचेच दे.

हे "नुसते मागचेच दे" आमच्या घरी कसं उपयोगी पडलं ते सांगते, कारण नातेवाईकांपैकी बऱ्याच जणांना ते अर्धंच माहीत आहे. २००८ साली आमच्या भाचीचं डोहाळजेवण झालं. तिच्या दिरानं नवा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. त्या वर्षांत ५.१ मध्ये आवाज टिपणारे घरगुती कॅमेरे निघाले होते, त्यातला तो. समोरचा आवाज समोरच्या चॅनलमध्ये आणि कॅमेऱ्याच्या मागून येणारा मागच्यांत. नंतर एका दुकानातून त्याच्या स्टिरिओ डीव्हीडी करून सगळ्यांना वाटल्या. त्यात ओटी भरणं आहे, हसणं-खिदळणं आहे, मागे लावलेली सनई आहे.

माझ्या सासूबाई त्या दिवशी गुडघ्यांमुळे कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीत बसल्या होत्या. चित्रात त्या कुठेच नाहीत. २०११ साली त्या गेल्या. फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज कुठेच टिपलेला नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गेल्या वर्षी भाचीच्या मुलानं, म्हणजे ज्याचं ते डोहाळजेवण होतं त्यानं, जुन्या हार्ड डिस्कवरच्या मूळ फाइली काढल्या. त्या सहा चॅनलच्या होत्या. त्यानं एक ओळ टाइप करून मागचे दोन चॅनल वेगळे काढले आणि हेडफोन आमच्या ह्यांच्या कानाला लावला.

सनई लांब गेली होती. जवळून सासूबाईंचा आवाज येत होता. शेजारच्या बाईंना त्या सांगत होत्या, "भात थोडा मऊच करायला सांगा हो, तिला आता सुटा भात जात नाही." मग कोणाला तरी पंखा लावायला सांगितला. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. असं एकूण अकरा मिनिटं. हे काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

वाटलेल्या डीव्हीडीत हा आवाज नव्हता का? होता, पण सनईखाली इतका दबलेला की तिथे कोणी बोलतंय हेही कळत नव्हतं. दुकानदाराचा त्यात काही दोष नाही. डोहाळजेवणाच्या डीव्हीडीत समोरचं ऐकू यावं, हा त्याचा हिशोब रास्तच होता. पण आम्हाला नेमकं काय हवं असणार, हे २००८ साली त्याला कुठून कळणार? आम्हालाही कुठे माहीत होतं!

एवढ्याचसाठी हा लांबलचक इतिहास. सहाचे दोन करण्यात पाप नाही, करायलाच हवेत. मात्र नवी फाइल झाली की जुनी काढून टाकण्याची घाई करू नका. दोनाचे पुन्हा सहा होत नाहीत. तांदळाचं पीठ करता येतं, पिठाचे तांदूळ होत नाहीत. आणि मूळ फाइल नुसती जपूनही भागत नाही. ती वाजवणारं यंत्र जातं, कंपनी जाते, क्वाड्राफोनिकसारखी अख्खी पद्धत जाते. म्हणून मूळ ठेवायची आणि शिवाय तिची एक प्रत अशा रूपात करायची, ज्याची रचना उघडी आहे. आवाजासाठी फ्लॅक नावाचं रूप चांगलं आहे. २००१ साली जॉश कोल्सन यांनी ते पूर्ण केलं. आठ चॅनलपर्यंत चालतं आणि आत ठेवलेल्या आवाजातला एक कणही वगळत नाही. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी, असं केलं की झालं.

ज्यांच्या कपाटात २००५ ते २०१० च्या आसपासचे कॅमेऱ्याचे छोटे डिस्क किंवा जुन्या हार्ड डिस्क पडल्या आहेत, त्यांनी त्या एकदा चालू करून पाहा. हार्ड डिस्कही नायट्रेट फिल्मसारखीच असते, किती दिवस साथ देईल ते सांगून जात नाही. घरातल्या एखाद्या नातवाला त्या काळ्या खिडकीपाशी बसवा आणि फाइलीत किती चॅनल आहेत ते आधी विचारा. सहा निघाले तर मागचे दोन जरूर ऐका. कॅमेरा धरणाऱ्याच्या पाठीमागे त्या दिवशी कोण बसलं होतं, ते आपल्यालाच माहीत असतं.

कुणाला काही सापडलं तर मला कळवा. भाचीच्या मुलानं दिलेली ती ओळ माझ्या वहीत लिहून ठेवली आहे, हवी त्याला पाठवीन.